वाचक विचारतात : दुष्काळाचं गणित कॉम्प्युटरवर मांडून होतं काय?

गेल्या अंकात धरणांच्या पाण्याचं लांब पल्ल्याचं नियोजन कॉम्प्युटर मॉडेल लावून कसं करतात यावर लिहिलं होतं, त्यावर ठाणे, नवी मुंबई आणि शहापूरकडून भरपूर प्रश्न आले. सगळे घेता येत नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलं म्हणून कुणाचंच छापलेलं नाही. काही उत्तरं लांबलीत, पण विषयच असा आहे की दोन ओळीत सांगितलं तर अर्धवट कळतं आणि अर्धवट कळलेलं पाणी फार भांडणं लावतं.

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात मोरबे भरल्याचे फोटो फिरतात आणि सगळे निर्धास्त होतात. नवी मुंबईचं स्वतःचं धरण आहे, ते भरलं की वर्षाची चिंता मिटली. मग हे मॉडेल आणि तीस वर्षांचं प्लॅनिंग कशासाठी?
– सोसायटीचे एक सेक्रेटरी, कोपरखैरणे

उत्तर : धरण भरलं की बरं वाटतंच, आणि महापालिकेच्या मालकीचं धरण असणं ही खरंच मोठी गोष्ट आहे, ठाण्याला ते सुख नाही, ठाणे भातसा नदीवरून, स्टेम नावाच्या पाणीपुरवठा कंपनीकडून, एमआयडीसीकडून आणि थोडं मुंबई महापालिकेकडून पाणी घेतं. पण तुम्ही सेक्रेटरी आहात म्हणून तुमच्या अंडरग्राउंड टाकीवरूनच सांगते. सकाळी टाकीत किती होतं, लाइनचं किती आलं, पंपाने वर किती चढवलं, उरलं किती. धरणाचं मॉडेल म्हणजे मुळात हाच हिशोब, फक्त रोजचा आणि चाळीस-पन्नास वर्षांचा सलग. लाइनच्या जागी पाणलोटातून येणारा येवा, पंपाच्या जागी शहराचा पुरवठा, आणि एक जास्तीचा खर्च म्हणजे बाष्पीभवन, आपल्या राज्यात उघड्या जलाशयाची पातळी नुसत्या उन्हावाऱ्याने वर्षाला साधारण दीड-दोन मीटर उतरते.

आता मोरब्याचा ढोबळ हिशोब कागदावर मांडू. पूर्ण भरलं तर साठा साधारण १९० दशलक्ष घनमीटर. रोजचा उपसा साधारण ४५० दशलक्ष लिटर, म्हणजे ०.४५ दशलक्ष घनमीटर. भागाकार केला की ४२२ दिवस येतात, म्हणजे एक वर्ष आणि वर जेमतेम दोन महिने. ऐकायला छान आहे. पण यातून तळाचा मृत साठा, म्हणजे जो उपसता येत नाही तो, आणि बाष्पीभवन अजून वजा केलेलं नाही. आणि मुख्य म्हणजे धरण दरवर्षी काठोकाठ भरेल असं कुणी लिहून दिलेलं नाही. समजा एखाद्या वर्षी १ ऑक्टोबरला ७० टक्केच भरलं, तर तोच भागाकार २९५ दिवसांवर येतो, म्हणजे कागदावर २२ जुलैपर्यंत, आणि वजाबाक्या केल्या की ती तारीख बरीच अलीकडे सरकते, त्यात पाऊस पंधरा-वीस दिवस लांबला की झालं.

अशा वेळी करायचं काय, तर कपात. आणि इथे मॉडेलचं खरं काम सुरू होतं. १० टक्के कपात नोव्हेंबरच्या १ तारखेला चालू केली तर रोज ४५ दशलक्ष लिटर वाचतात, मे अखेरपर्यंत २१२ दिवस होतात, म्हणजे शहराचा पूर्ण २१ दिवसांचा पुरवठा गाठीला राहतो. तेच जर आपण "बघू, मार्च जाऊ दे" म्हणत एप्रिलला सुरू केलं तर मे अखेरपर्यंत ६१ दिवसच मिळतात आणि तेवढंच पाणी वाचवायला कपात जवळजवळ ३५ टक्के करावी लागते. नोव्हेंबरात १० टक्के कुणाला जाणवतही नाही, एप्रिलच्या उकाड्यात ३५ टक्के म्हणजे तुमच्या ऑफिससमोर रोज माणसं उभी. मुंबईत २०१८ ला नोव्हेंबरातच १० टक्के कपात लावली होती, आणि २०२४ ला मात्र ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के अशी उन्हाळ्याच्या टोकाला लावावी लागली. मॉडेल हजार वेळा चालवून हेच तपासतं, की कोणत्या तारखेला साठा किती असेल तर किती कपात लावायची, म्हणजे पुढची मोठी टळेल आणि चांगल्या वर्षी लोकांना विनाकारण त्रासही होणार नाही. हे दोन्ही बाजूचं मोजणं हाताने होत नाही.

राहिला तीस वर्षांचा मुद्दा. पावसाइतकीच अनिश्चित गोष्ट मागणी आहे. विमानतळ, गावठाणांची वाढ, रिडेव्हलपमेंटमध्ये चार मजल्यांच्या जागी उभे राहणारे टॉवर, हे सगळं धरण तेवढंच राहून होतंय. कोपरखैरणे आणि ऐरोलीत सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून ते उद्योगांना द्यायचं काम महापालिकेने केलंय, ते माझ्या मते नव्या धरणाइतकंच महत्त्वाचं आहे, कारण ते पाणी दुष्काळातही कमी होत नाही, माणसं वापरतात तोवर ते येतच राहतं.

प्रश्न : ७२ च्या दुष्काळात मी नगर जिल्ह्यात दुष्काळी कामावर खडी फोडलीय, सुकडी खाऊन दिवस काढलेत. हवामान खात्याला पुढच्या आठवड्याचा पाऊस नीट सांगता येत नाही तर तीस वर्षांनंतरचा दुष्काळ कॉम्प्युटर कसा सांगणार? उगाच लोकांना भूल देऊ नका.
– एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : काका, ज्यांनी तो दुष्काळ अंगावर काढलाय त्यांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आधी अंदाजाबद्दल बोलू. २०२३ चं उदाहरण घ्या. एप्रिलमध्ये हवामान खात्याने देशभराचा पाऊस सरासरीच्या ९६ टक्के होईल असं सांगितलं, पाच टक्के इकडे तिकडे धरून. झाला ९४ टक्के. म्हणजे अंदाज बरोबरच आला! पण त्याच वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, देशात ३६ टक्के तूट, आणि आपल्याकडे मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पट्ट्यात पिकं उभी जळाली. देशाचा आकडा बरोबर असून गावाच्या पदरात काही पडत नाही, कारण शेतकऱ्याला देशाच्या सरासरीवर पेरता येत नाही.

एल निनोचंही तसंच. १९९७ ला जबरदस्त एल निनो होता आणि आपला पाऊस १०२ टक्के झाला. २००२ ला त्यामानाने साधा होता आणि देशात १९ टक्के तूट आली, नुसता जुलैच अर्ध्यावर आला. त्यामुळे "यंदा एल निनो आहे, दुष्काळ पक्का" असं जो छातीठोक सांगतो त्याच्यापासून मी चार हात लांब राहते.

आता नियोजनाचं मॉडेल. ते २०५० ला दुष्काळ पडेल की नाही हे सांगायच्या भानगडीतच पडत नाही. त्याचा प्रश्न वेगळा असतो. ७२ सारखं वर्ष आजच्या लोकसंख्येवर, आजच्या ऊसावर, आजच्या बोअरवेलवर आलं तर काय होईल? आणि एकच नव्हे, लागोपाठ दोन आली तर? तीन आली तर? शंभर वर्षांच्या पावसाच्या नोंदी घ्यायच्या, त्यांचा स्वभाव ओळखून त्याच धाटणीची हजारो काल्पनिक वर्षं कॉम्प्युटरकडून तयार करून घ्यायची, आणि अशा वर्षांच्या प्रत्येक माळेवर धरणं, कालवे, शहरं चालवून बघायची. कुठे मोडतं ते कळतं.

लागोपाठच्या वर्षांवर मी एवढा भर देते याला कारण आहे. मराठवाड्यात २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षं पाठोपाठ गेली, मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. एकट्या २०१५ च्या पावसाचा हिशोब करून ते दिसलं नसतं. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनला २०१५, १६, १७ अशी तीन वर्षं कमी पाऊस झाला आणि २०१८ च्या फेब्रुवारीत माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घालायची वेळ आली, तेही नियोजनात नावाजलेलं शहर असून.

यात एक धोका मात्र आहे आणि तो सांगितला नाही तर तुम्ही म्हणता तशी भूलच होईल. नोंदी जितक्या तोकड्या तितकं मॉडेल भाबडं. अमेरिकेत कोलोरॅडो नदीचं पाणी राज्यांनी १९२२ च्या कराराने वाटून घेतलं, आणि तेव्हा हाताशी जी थोडी वर्षं होती ती नेमकी ओली होती. कागदावर वाटलं तेवढं पाणी पुढे सरासरीने नदीत आलंच नाही. नंतर जुन्या झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजून शेकडो वर्षांचा अंदाज बांधला तेव्हा कळलं की त्या खोऱ्यात याहून लांब दुष्काळ होऊन गेलेत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. म्हणून तुमच्यासारख्यांच्या आठवणी, कुठली विहीर ७२ ला आटली आणि कुठली टिकली, हे लिहून ठेवणं मला फार मोलाचं वाटतं, कृपा करून नातवंडांना सांगून लिहून घ्या.

प्रश्न : मी मार्केटला माथाडी आहे, गाव साताऱ्याकडे, दुष्काळी पट्ट्यात. २०२३ ला ज्वारी गेली, विहिरीला पाणी नाही, तरी सरकारच्या पहिल्या यादीत आमचा तालुका नव्हता. तलाठी म्हणतो कॉम्प्युटरने ठरवलं. कॉम्प्युटरला आमचं रान काय माहीत?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : दादा, तलाठ्याने तुम्हाला अर्धंच सांगितलं. पूर्वी पैसेवारी काढायचे, म्हणजे नेहमीचं पीक रुपया धरलं तर यंदाचं किती पैसे आलं, ती ५० पैशांच्या आत आली की दुष्काळ. २०१६ ला केंद्राची दुष्काळ संहिता आली आणि टप्पे ठरले. आधी पाऊस बघतात, किती टक्के तूट आणि मध्ये किती आठवड्यांचा खंड. तिथे तालुका बसला तर पुढे उपग्रहावरून पिकांचा हिरवेपणा, जमिनीतली ओल, पेरणी किती झाली, धरणं आणि भूजल कुठे आहे हे बघतात. तेही लागू झालं की निवडक दहा टक्के गावांत प्रत्यक्ष रानात जाऊन पीक बघायचं. राज्यात यासाठी महामदत नावाची सिस्टिम वापरतात. २०२३ च्या ३१ ऑक्टोबरला त्यातून ४० तालुके निघाले, २४ तीव्र आणि १६ मध्यम.

तुमचा तालुका सुटला असेल तर तो बहुतेक पहिल्या किंवा दुसऱ्या चाळणीत. तालुक्याची सरासरी काढली की घाटाकडच्या महसूल मंडळाचा, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाचा, पाऊस कोरड्या मंडळाला झाकून टाकतो. आणि उपग्रहाला हिरवं ते हिरवं दिसतं, कॅनॉलकाठचा ऊस असो, बांधावरचं तण असो, तुमची वाळलेली ज्वारी त्यात बुडून जाते. हा मॉडेलचा दोष आहेच, आणि तो माहीत असूनही तालुका हेच एकक धरलं जातं ते मला पटत नाही. त्या वर्षी बोंब झाल्यावर नोव्हेंबरात हजाराच्या आसपास महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर केली, निकष होता जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांच्या आत आणि एकूण ७५० मिलिमीटरच्या आत. मंडळ लहान, म्हणून चित्र जरा जवळचं.

तुम्हाला करता येण्यासारखं एक आहे. मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा कुठून येतो ते बघा. यंत्र झाडाखाली किंवा भिंतीला लागून असेल, बंद असेल, तर ग्रामसभेत ठराव करून तहसीलला द्या, फोटोसकट. हे पावसाळ्याआधी करायचं, यादी लागल्यावर नाही.

प्रश्न : घोडबंदर रोडला आम्ही वर्षभर टँकरवर आहोत, पाऊस कितीही होवो. दुष्काळाचं मॉडेल आमचा प्रश्न सोडवेल का?
– एक वाचक, कासारवडवली

उत्तर : नाही सोडवणार. तुमची टंचाई पावसाची नाही, पाइपची आणि वाटपाची आहे. त्याला नळजोडण्यांच्या जाळ्याचं वेगळं मॉडेल असतं, कुठल्या लाइनला किती दाब, कुठली टाकी किती वाजता भरते, गळती कुठे, हे त्यात मांडतात, ईपानेट नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी जगभर वापरतात. बिल्डिंगना परवानगी देण्याआधी ते चालवून बघावं अशी मागणी तुम्ही जरूर करा, आणि त्याला दुष्काळ म्हणू देऊ नका.

प्रश्न : मी शिक्षक आहे. आमच्या तालुक्यात भातसा, तानसा, आजूबाजूला मोडकसागर, मुंबई-ठाणे आमच्या पाण्यावर जगतं, आणि आमच्या पाड्यांवर मार्च लागला की हंडे आणि टँकर. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण आमच्यासाठीच केलीय. तुमच्या मॉडेलमध्ये आमचे पाडे असतात का?
– एक शिक्षक, शहापूर

उत्तर : सर, या अंकातला सगळ्यात अवघड प्रश्न तुमचाच आहे, आणि उत्तर आहे : बहुतेक वेळा नसतात.

कसं होतं ते सांगते. शहराचं पाणी-मॉडेल बनवताना आधी यादी करतात. पाणी कुठून येतं, म्हणजे धरणं, आणि पाणी कोण मागतं, म्हणजे महापालिका, एमआयडीसी, सिंचन. जो या यादीत आहे त्याला मॉडेल पाणी देतं, ज्याला कमी पडलं त्याची तूट मोजतं, रिपोर्टात लाल रंगात दाखवतं. पाडा यादीतच नसेल तर त्याची तूट लाल दिसणार कशी? कॉम्प्युटरने पाड्याला नाकारलं असं होत नाही, त्याला पाडा ठाऊकच नसतो. यादी माणसं करतात. म्हणून माझं ठाम मत आहे की धोरणासाठी जे मॉडेल वापरायचं त्याची मागणीदारांची यादी आधी ग्रामपंचायतींपुढे ठेवली पाहिजे, मग पुढची आकडेमोड.

दुसरी गोष्ट जमिनीची. तुमच्याकडे अडीच हजार मिलिमीटर पाऊस होतो, मराठवाड्याच्या तिप्पट, पण खाली काळा कातळ आहे. बेसॉल्टमध्ये पाणी धरायला जागा थोडी, वरचा झिजलेला थर आणि भेगा एवढीच. जुलैत ती भरून वाहते आणि उरलेलं उतारावरून नाल्याला, नाल्याचं नदीला, नदीचं खाडीला जातं. डिसेंबरपर्यंत झरे चालतात, फेब्रुवारीत विहिरीचा तळ दिसतो. धरणाच्या पाण्याची पातळी याच्याशी जोडलेली नसते, धरण खाली आणि पाडा वर. म्हणून धरणाचं मॉडेल "यंदा १०० टक्के साठा" म्हणत असताना त्याच महिन्यात तुमच्याकडे टँकर फिरतो, आणि दोन्ही खरं असतं.

पाड्यासाठी वेगळं, लहान मॉडेल लागतं. एका नाल्याचं पाणलोट, त्यातल्या जमिनीचे थर, उतार, झाडोरा, विहिरी, आणि महिन्यामहिन्याचा हिशोब. हे आपल्याच राज्यात झालंय. पोकरा म्हणजे कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईच्या लोकांनी गाव पातळीचा पाण्याचा ताळेबंद काढायचं टूल तयार केलं, विदर्भ-मराठवाड्यातल्या हजारो गावांसाठी, पडलेल्या पावसातलं किती वाहून गेलं, किती मातीत राहिलं, किती खाली मुरलं आणि पिकाला किती कमी पडलं हे त्यात निघतं. कोकणच्या डोंगरउताराला तेच जसंच्या तसं चालणार नाही, पण पद्धत तीच. आणि त्याचं उत्तर कधी कधी असंही येईल की या पाड्याला कितीही बंधारे घातले तरी एप्रिल-मे निघणार नाही, बाहेरूनच पाणी आणावं लागेल. इगतपुरीकडच्या भावली धरणातून उताराने शहापूरच्या गावपाड्यांना पाणी आणायची योजना त्याच विचाराची आहे. बंधारा कुठे पुरेल आणि पाइप कुठे लागेलच, एवढं जरी मॉडेलने पाडावार वेगळं करून दिलं तरी दर ऑक्टोबरला निघणारा टंचाई आराखडा गेल्या वर्षीच्या टँकरची यादी उतरवून काढावा लागणार नाही.

तुमच्या शाळेला एक काम सुचवू का? पाड्यावरच्या विहिरीत दर महिन्याच्या १ तारखेला दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते मुलांकडून मोजून घ्या. भूजल सर्वेक्षण विभाग त्यांच्या ठरवलेल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतो, जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर, पण प्रत्येक पाड्यावर त्यांची विहीर नसते. दोन वर्षांचे तुमचे आकडे झाले की मॉडेल करणाऱ्या कुणालाही पाडा यादीत घ्यावाच लागेल, नाही म्हणायला त्याच्याकडे कारण राहणार नाही.

प्रश्न : मी मूळची पैठणजवळची, आता ऐरोलीत असते. मॉडेल काहीही सांगो, शेवटी पाणी कुणाला सोडायचं ते मंत्री आणि मोर्चे ठरवतात. मग एवढा खर्च कशाला?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, तुम्ही पैठणच्या म्हणजे जायकवाडी तुमच्या डोळ्यांसमोरचं, तेच उदाहरण घेऊ. वर नगर-नाशिकची धरणं, खाली जायकवाडी, आणि तुटीच्या वर्षी वरचे म्हणायचे आमचंच भागत नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचं कलम होतं, पण समन्यायी म्हणजे नेमकं किती टीएमसी, म्हणजे किती अब्ज घनफूट? २०१३ ला मेंढेगिरी समितीने वरच्या-खालच्या धरणांचा एकत्र हिशोब मांडून तक्ते दिले आणि २०१४ च्या आदेशाने ते लागू झाले. त्या आदेशाचा नियम असा की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत, खरिपाचा वापर धरून, ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून सोडायचं, किती ते तक्त्यात. २०२३ ला त्याच तक्त्यावरून ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला. मोर्चे निघाले, कोर्टकचेरी झाली, हे खरंच. पण भांडण कशावर झालं ते बघा, आकडा बरोबर आहे का, नुकसान किती धरलं, वाटेत नदी किती पिते. पूर्वी भांडण कुणाचा आवाज मोठा यावर व्हायचं. मला हा फरक फार मोठा वाटतो.

कोलोरॅडोचं मी वर वाईट सांगितलं, तिथलंच एक चांगलं सांगते. २००७ ला त्यांनी मॉडेलवर शेकडो शक्यता चालवून नियम लिहिला की लेक मीड जलाशयाची पातळी पुढच्या जानेवारीत १०७५ फुटांच्या खाली जाणार असं दिसलं तर टंचाई जाहीर आणि कुणाला किती कमी हे आधीच ठरलेलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ती वेळ पहिल्यांदा आली. पाणी कमी झालं याचं दुःख होतंच, पण कुणाचं किती कापायचं यावर त्या ऑगस्टमध्ये बसून वाद घालायची गरज पडली नाही. आपल्याकडे शहरांसाठी असा लिहिलेला, छापलेला नियम हवा. १ ऑक्टोबरला मोरब्यात, बारवीत, भातसात इतकं असेल तर इतकी कपात, आधी बांधकाम आणि स्विमिंग पूल, मग उद्योग, मग घरं, आणि झोपडपट्टीच्या सार्वजनिक नळाला सगळ्यात शेवटी हात. हा क्रम मॉडेल ठरवू शकत नाही, तो आपणच ठरवायचा, आणि तहान लागल्यावर विहीर खणायला बसलो तर तो नेहमी दुबळ्याच्या विरोधात लागतो.

आणखी एक मागणी तुम्ही सगळ्यांनीच लावून धरा. करदात्यांच्या पैशातून केलेलं मॉडेल आणि त्यातले आकडे लोकांना बघायला मिळाले पाहिजेत. बंद खोलीतल्या मॉडेलवर कुणी विश्वास ठेवावा अशी अपेक्षा मीही करणार नाही.

प्रश्न : मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला उल्हास खोऱ्याचं ड्रॉट मॉडेल करायचंय. सॉफ्टवेअर कुठलं घेऊ, डेटा कुठे मिळेल, आणि क्लायमेट चेंज कसं घालू?
– एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : विषय छान घेतलास. सॉफ्टवेअरला फार वेळ घालवू नकोस. पावसातून नदीचा प्रवाह काढायला स्वॅट फुकट आहे, क्यूजीआयएसमध्ये चालतं. धरणं आणि वाटप मांडायला वीप चांगलं, विद्यार्थ्यांना लायसन मिळतं. पावसासाठी हवामान खात्याचा १९०१ पासूनचा ०.२५ अंशांचा ग्रिड डेटा घे, पण सांभाळून, एक चौकोन साधारण २५-२७ किलोमीटरचा, खाडीपासून घाटमाथ्यापर्यंत दोन-तीन चौकोनांत सगळं संपतं आणि माथेरानचा पाऊस ठाण्यात मिसळतो. जमतील तेवढी तालुक्यांची पर्जन्यमापकं जोडीला घे. दुष्काळ मोजायला एसपीआय, म्हणजे पाऊस नेहमीपेक्षा किती कमी-जास्त ते सांगणारा निर्देशांक, वापर, १९९३ पासून जगभर चालतं, पण तीन महिन्यांचा आणि बारा महिन्यांचा दोन्ही काढ, तीन महिन्यांचा भातशेतीसाठी, बारा महिन्यांचा धरणासाठी. कोकणात उणे १.५ आला तरी दीड हजार मिलिमीटर पाऊस झालेला असू शकतो, म्हणून नुसता निर्देशांक देऊन थांबू नकोस, साठ्याचे दिवस किती कमी झाले ते दे.

मॉडेल जुळवताना सगळी वर्षं वापरून टाकू नकोस. काही बाजूला ठेव आणि त्यात कोरडी मुद्दाम ठेव, २०१५ सारखी. ओल्या वर्षांवर जुळवलेलं मॉडेल पूर छान दाखवतं आणि फेब्रुवारीनंतर पार फसतं, परीक्षकांनी विचारायच्या आधी तूच तपास.

क्लायमेट चेंजसाठी जगभरच्या मॉडेल्सचे निकाल मिळतात, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचंही त्यात आहे. पण बहुतेकांचा चौकोन शंभरेक किलोमीटरचा, त्यात सह्याद्रीचा कडा दिसतच नाही. एकाच मॉडेलचा आकडा घेऊन "२०५० ला पाऊस इतके टक्के" असं लिहू नकोस. पाऊस १० टक्के कमी, २० टक्के कमी, पावसाळा तीन आठवडे उशिरा, तापमान दोन अंश जास्त, अशा शक्यता स्वतः घालून कुठल्या जोडीला पुरवठा मोडतो ते दाखव, मार्गदर्शक नाराज झाले तरी उपयोग याचाच होईल.

आणि उल्हासची एक खास गोष्ट, जी सॉफ्टवेअर तुला सांगणार नाही. उन्हाळ्यात उल्हासमध्ये जे पाणी वाहताना दिसतं त्यातलं बरंचसं तिच्या स्वतःच्या पाणलोटाचं नसतंच, ते भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून वीज तयार करून सुटलेलं असतं, आणि ते मूळचं घाटावर मावळातल्या आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचं, म्हणजे भीमा खोऱ्यातलं. त्यामुळे तुझ्या मॉडेलमध्ये एप्रिलचा प्रवाह जवळजवळ शून्य येईल आणि बदलापूरच्या पुलावरून बघशील तर नदीत पाणी असेल. तेव्हा पॅरामीटर ओढूनताणून जुळवत बसू नकोस. मावळात पाऊस कमी झाला तर कल्याण, उल्हासनगर आणि ठाण्याच्या नळाला काय होतं हा वेगळा प्रश्न मांड, त्यासाठी वीजकेंद्रातून रोज सुटणाऱ्या पाण्याचा आकडा लागेल. तो जलसंपदा विभागाकडे लेखी अर्ज करून माग, कॉलेजच्या लेटरहेडवर, आणि अर्ज याच महिन्यात टाक, उत्तर यायला वेळ लागतो.